उजूची साखर

२१ जानेवारी १९८८. जळगाव, दवाखाना.

उलटी नाही. काल सकाळपासून एकदाही नाही! हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मग.

ही वही डॉ. सरोदेंनी सांगितली म्हणून आणली. पोरगी काय खाते, किती वाजता खाते, मग काय होतं – सगळं लिहायचं. ते पुढच्या बाजूने लिहिते आहे. मागच्या बाजूने हे माझं. कोणाला दाखवायचं नाही.

उजू साडेदहा महिन्यांची. वजन सहा किलोसुद्धा नाही. पोट मात्र फुगलेलं, नि उजव्या बरगडीखाली हात लावला की टणक लागतं. यकृत वाढलंय म्हणाले. आत्ता झोपलीय. हाताला सलाइन. श्वास नीट चाललाय – मी मोजतेय मधून मधून.

रविवारचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. धुळ्याला माहेरी आईने हौसेने बोरन्हाण केलं. नातीची पहिली संक्रांत. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, काटेरी हलवा, सगळं डोक्यावरून ओतलं. बायका हसत होत्या. प्रत्येकीने येऊन उजूच्या तोंडात हलव्याचा एकेक दाणा घातला. ती थुंकत होती. मीच म्हटलं, खा गं, गोड आहे. दुपारच्या बसने निघालो. पारोळ्यापर्यंत ओकत होती. एरंडोल यायच्या आत अंग गार पडलं, घामाने झबलं भिजलं, मान टाकली. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघेना. ह्यांनी कंडक्टरला सांगितलं, त्याने ड्रायव्हरला, आणि बस मध्ये कुठे थांबलीच नाही. स्टँडवर उतरून हे तिला घेऊन पळाले, मी मागे. माझ्या पायात एकच चप्पल होती हे दवाखान्यात कळलं.

सलाइन लावलं. पाऊण तासात पोरीने मान वळवून माझा पदर धरला.

२२ जानेवारी

इसाकभाई नावाचे गृहस्थ दवाखान्यामागे लॅब चालवतात. दाढी मेंदीने लाल, चष्म्याला दोरी. आज स्वतः वर आले. हातात काचेची नळी, तळाशी विटकरी गाळ.

डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, या बच्चीच्या परवाच्या लघवीत शुगर आहे. निळ्या औषधात उकळली तर हा रंग आला. पण पट्टी बुडवली तर पट्टी म्हणते शुगर नाही."

"पट्टी जुनी असेल."

"दुसऱ्या पेशंटला लावून बघितली. चालू आहे. आधी वाटलं दोघांतला एक खोटं बोलतोय. मग म्हटलं, दोघं खरं बोलत असतील तर? निळं औषध कितीतरी जातीच्या साखरा पकडतं. पट्टी फक्त ग्लुकोज पकडते. म्हणजे साखर आहे, पण ती वाली नाही."

डॉक्टरांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग माझ्याकडे वळून एकामागून एक प्रश्न. ही गोड कधीपासून खायला लागली? – सप्टेंबरात उष्टावण झाली तेव्हापासून. त्याआधी? – फक्त माझं दूध. तेव्हा उलट्या? – एकही नाही, गुटगुटीत होती. गोड दिलं की तोंड फिरवते का? – फिरवते. केळं? – दात आवळून धरते.

"नात्यात लग्न झालंय तुमचं?" नाही म्हटलं.

खाली गेले. कपाटातून जाड पुस्तक काढून बसलेत असं नर्स सांगून गेली. चार महिन्यांत किती डॉक्टर झाले – जंत, दात, दूध बाधलं, नजर. पुस्तक काढून बसलेला हा पहिलाच.

२३ जानेवारी

नाव मिळालं. इंग्रजी, लांबलचक. पण मला समजावलं ते मराठीत, आणि भुईमुगाच्या शेंगेने.

मी विचारलं होतं – साखरेने हिला त्रास होतो म्हणता, आणि सलाइनमधून ग्लुकोज देता, तीही साखरच ना? तिने तर बरी झाली.

डॉक्टरांच्या टेबलावर शेंगांची पुडी होती. एक शेंग फोडून दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "साखरेचा प्रत्येक कण असा. एका टरफलात दोन दाणे. एक ग्लुकोज, दुसरा फळातली साखर. पोटात गेलं की टरफल फुटतं, दाणे सुटे होतात. ग्लुकोज हिला पचतं, त्यावरच ती जगते. दुसरा दाणा पचवायचं जे सामान यकृतात लागतं ते हिच्याकडे जन्मतःच नाही. तो तसाच अडकून पडतो, विष होतो, नि अंगातलं ग्लुकोजही उतरवतो. म्हणून गार पडते."

"आणि माझं दूध?"

"दुधातली साखरही दोन दाण्यांची. पण तिचा दुसरा दाणा वेगळ्या जातीचा. तो हिला चालतो."

फळं नाहीत. मध नाही – मधात तर दोन्ही दाणे आधीच सोललेले. गूळ, साखर, रताळं, गाजर, बीट नाही. टमाटं, कांदा सध्या नाही. दूध, भाकरी, भात, वरण, पालेभाजी, बटाटा चालेल. जन्मभर.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. औषध नाही त्याला. लागतही नाही."

मी दवाखान्याच्या जिन्यात येऊन बसले नि रडले. हे घाबरून धावत आले. त्यांना सांगता येईना की वाईट काही नाही. आठवडाभर मी पोर जाणार हे धरून चालले होते. आणि आता कोणी म्हणतंय – फक्त गोड देऊ नका.

२५ जानेवारी

ह्यांना आज नीट सांगितलं.  मग म्हणाले, "रोज मळ्यातून येताना मी तिच्यासाठी एक केळं निवडून आणायचो. पिकलेलं, बारीक सालीचं. माझ्या हाताने कुस्करून..."

 माझंही तेच. नाक दाबून गुळाचं पाणी पाजलंय मी तिला, अंगात ताकद यावी म्हणून. ती ओरडून सांगत होती, आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. घरात शहाणी तेवढी तीच होती.

डॉक्टर म्हणाले, असोद्यात, तुमच्या केळीच्या गावात, एक मूल सापडेल जे केळं खाणार नाही, ते तुमचं. हे हसले. पहिल्यांदा.

२९ जानेवारी. असोदा.

घरी आलो. सासूबाई दारात उभ्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही. उजूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

सांगितलं. गोड अजिबात नाही. शेंगेचंही सांगितलं. अक्कांचं तोंड उतरलं.

"केयंबी नही?"

"केळंही नाही."

"गुय?"

"गूळ तर नाहीच."

एवढ्या बागाईतात राहून, म्हणाल्या, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने बघितलं तर गुळाचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवत होत्या. स्टूल घेऊन. या वयात.

६ फेब्रुवारी

सहा किलो शंभर. वाढलं!

९ फेब्रुवारी

दुपारी घरात एकटीच होते. ताटात सगळं काढून बघितलं – साखर, खडीसाखर, पिठीसाखर, बत्तासे, गूळ, काकवी. मी बेकरीवाल्याची मुलगी. साखर मला कोणी शिकवावी? पण यातलं अर्धं आज नव्याने कळतंय.

खडीसाखर म्हणजे सावकाश गोठवलेली साखर. बत्तासा म्हणजे फुगवलेली. गूळ म्हणजे न धुतलेली. पिठीसाखर म्हणजे दळलेली, बस. धुळ्याच्या बेकरीत आम्ही चक्कीवर दळायचो, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात म्हणून माझा भाऊ, दादा, शेरामागे मूठभर मक्याचं पीठ घालतो. नानखटाईला कळतही नाही. तर ही सगळी एकाच बाईची लुगडी. आत तीच, दोन दाण्यांची. उजूला यातलं काहीच नाही.

आणि बाजूला औषधाच्या दुकानातलं ग्लुकोज ठेवलं. डॉक्टरांनी दिलंय – आजारी पडली, जेवली नाही तर पाण्यातून चमच्याने द्यायचं, पोट रिकामं राहू द्यायचं नाही. दिसायला हुबेहूब पिठीसाखर. जिभेवर ठेवलं तर कळतं. आधी थंड लागतं, मग गोड, तेही बेताचं. पाण्यात टाकलं की पाणी काचेसारखं.

हे सगळं परत डब्यात भरताना ग्लुकोजच्या डब्यावर मी कोळशाने मोठं "उ" काढलं.

२० फेब्रुवारी

सहा किलो सहाशे. डोळ्याखालचं काळं गेलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, वाटी चाटली. वाटी चाटली तिने! मी शेजारच्या बेबाबाईंना हाक मारून दाखवली. त्यांना काय दाखवतेय कळेना.

५ मार्च

पहिला वाढदिवस. खीर केली. तांदळाची, दुधातली, वर चमचाभर ग्लुकोज. बाकीच्यांना त्याच पातेल्यातली. हे म्हणाले, गोड कमी आहे. अक्का म्हणाल्या, पोरगी खाते ना, मग पुरे गोड हाय.

उजूने तीन वाट्या खाल्ल्या. मी घड्याळ लावून बसले होते – अर्धा तास, तास, दोन तास. काही नाही. खेळत होती. मला एकदम इतकं हलकं वाटलं की पडवीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

१८ एप्रिल

खोकला. गावातल्या डॉक्टरांनी लाल औषध दिलं. मी पाजणारच होते – मग एक थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवला. पाक!

बसने जळगाव. डॉ. सरोदे नव्हते, इसाकभाई होते. म्हणाले, "ताई, लहान मुलांचं प्रत्येक पातळ औषध शरबत समजा. शक्कर घातल्याशिवाय बच्चे पीत नाहीत ना. हिला गोळी घ्या, कुटून दुधात द्या." कागदावर गोळीचं नाव लिहून दिलं, डॉक्टरांना फोन करून विचारलं, मगच हातात ठेवला. म्हटलं, इसाकभाई, तुम्ही त्या दिवशी पट्टी जुनी आहे म्हणून सोडून दिलं असतं तर?

"सोडणार होतो," म्हणाले. "जेवणाची वेळ झाली होती. पण त्या नळीने जेवू दिलं नाही."

११ मे

चालली. ओट्यापासून तुळशीपर्यंत. पडली, उठली, परत चालली.

३ जुलै

नऊ किलोला थोडं कमी. डॉक्टरांनी पोट चाचपलं – यकृताची सूज बोटभर कमी झालीय म्हणाले. अजून जाईल. वहीच्या पुढच्या बाजूची पानं उलटून बघितली नि म्हणाले, ताई, इतकं नीट कोणी लिहीत नाही.

मागची बाजू मी हाताने दाबून धरली होती.

३० ऑगस्ट

राखीला अभिमनदादा धुळ्याहून आला. नानखटाई, टोस्ट, आणि तीन किलो पिठीसाखरेची पिशवी – बेकरीची, दळलेली. गौरीच्या फराळाला होईल म्हणाला. उजूसाठी काही आणू शकलो नाही म्हणून त्याचं तोंड एवढंसं. म्हटलं, दादा, ती चालतेय बघ ना. हेच आण.

तो तिच्यामागे अंगणभर फिरला. जाताना डोळे पुसत होता. जानेवारीत बोरन्हाणाला हलवा त्यानेच केला होता.

७ सप्टेंबर. जळगाव, दवाखाना.

पुन्हा इथे. पोरगी ठीक आहे. आधी हे लिहिते, ठीक आहे, ठीक आहे.

काल सकाळी उजूला ताप, मलाही. हे केळीच्या गाड्या भरायला सावद्याला गेलेले. मी अंथरुणात. अक्का म्हणाल्या, तू पड, मी पाहते पोरीले. उजू काही खात नव्हती, म्हणून मीच सांगितलं – डब्यातलं ग्लुकोज पाण्यात घालून चमच्या-चमच्याने द्या. पडल्या पडल्या मला चमचा वाटीवर वाजल्याचं ऐकू येत होतं. बरं वाटलं. झोप लागली.

अकराच्या सुमाराला ओकण्याच्या आवाजाने उठले. दुसरी उलटी. तिसरी. कपाळ हाताला ओलं लागलं – तापाचा घाम नाही, तो गार घाम. तो मी विसरणार नाही.

अक्का घाबरून वाटी पुढे करत होत्या, "अजून देऊ का वं? थोडं अजून देऊ का?"

वाटी बघितली. पाणी गढूळ होतं. तांदळाच्या धुवणासारखं. ग्लुकोजचं पाणी कधी गढूळ होत नाही.

डबा उघडला. माझा "उ" होता वर. आतली पूड चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली. थंड नाही. गोड, पार गळ्यापर्यंत गोड. तरी मन मानेना. कसं मानेल – माझाच डबा, माझंच अक्षर. फडताळात जखमेवर लावायचं आयोडीन होतं. शाळेत बटाट्यावर टाकून दाखवलं होतं ते आठवलं. पूड बशीत काढली, दोन थेंब टाकले. काळंनिळं झालं. मक्याचं पीठ! दादाची पिशवी.

बेबाबाईंच्या लोटनने मोटारसायकल काढली. मी मागे, उजू पोटाशी बांधलेली. ताप होता मला, पण तेव्हा काही कळत नव्हतं. दवाखान्यात शिरता शिरता ओरडले, "पिठीसाखर गेलीय पोटात, पाच-सहा चमचे, तीन तासांपूर्वीपासून!" डॉक्टरांनी एक शब्द विचारला नाही. सरळ सलाइन. जानेवारीत पाच दिवस लागले होते काय झालंय ते कळायला. काल पाच मिनिटं.

आज सकाळी तिने भात मागितला.

८ सप्टेंबर

इसाकभाई बघायला आले. गढूळ पाण्याचं आणि आयोडीनचं सांगितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ताई, माझ्या लॅबमध्ये या कामाला."

मग म्हणाले, गंमत बघा, ग्लुकोज कशाचं करतात ठाऊक आहे? मक्याच्या पिठाचंच. त्याचे दाणे सुटे केले की ग्लुकोज. म्हणजे त्या पिशवीत बच्चीला चालणारी चीज एकच होती, आणि ती मूठभर होती म्हणून तुम्हाला कळलं.

नुसती साखर दळलेली असती तर पाणी स्वच्छ राहिलं असतं. आणखी दोन वाट्या गेल्या असत्या. याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

१० सप्टेंबर. असोदा.

अक्कांशी बोलले नाही. त्याही नाही. स्वयंपाक दोघींनी केला.

काय झालं ते ह्यांच्याकडून कळलं. डबा आधीच संपला होता. मी तापात, हे सावद्याला, नवं आणायला कोणी नाही. पोर उपाशी. पिशवीत तशीच पांढरी, तशीच मऊ पूड. भरली डब्यात. मला उठवलं नाही, का तर मला बरं नव्हतं.

राग येतोय. आणि राग कशाचा आहे ते शोधायला गेलं की सापडत नाही. शेंगेचं सगळं सांगितलं होतं मी. पण पिठीसाखर म्हणजे साखरच, हे नावातच आहे म्हणून सांगितलं नव्हतं. आणि त्या पिशवीवर नाव कुठे होतं?

१२ सप्टेंबर

अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. हे सांगून थकले. आज मी ताट घेऊन गेले. बसल्या होत्या ओसरीत, खांबाला धरून.

"पांढरं ते पांढरं," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "मले काय ठाव त्यात दोन जाती व्हत्या?"

"मलाही जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हतं."

"तू पाह्यलं नसतं तं गेली असती पोरगी माह्या हातानं."

मी भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. खाल्ली. राग गेला म्हणणार नाही, पण छातीवरचा दगड उतरला. घरात परत आवाज सुरू झाले.

१५ ऑक्टोबर

तपासणी. अक्का म्हणाल्या मी येते. लग्न होऊन आल्यापासून त्या माझ्याबरोबर जळगावला पहिल्यांदा आल्या. नवं लुगडं.

वजन दहा किलो. यकृत हाताला लागत नाही! डॉक्टरांनी दोनदा चाचपलं. रक्ताचं सगळं बरोबर. दर महिन्याला नको, आता सहा महिन्यांनी या.

अक्का पुढे झाल्या. "डॉक्टर, ते पीठीचं मीच दिलं व्हतं."

डॉक्टरही इकडचेच. खुर्ची ओढून समोर बसले नि त्यांच्याच बोलीत बोलले. "अक्का, तुमच्या हाताचा दोष नही. हाताचं काही नसतं यात. रोग जन्माचाच. अर्धा बापाकडून येतो, अर्धा मायकडून, दोघायले ठाऊकबी नसतं."

"नवा रोग हाय का हा?"

"नही. पहिलेपासून असंल. नाव नव्हतं फक्त. पोरं जायची नि लोक कायबाय म्हनायचे."

बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. उजू त्यांच्या मांडीवर झोपली. असोद्याचा फाटा आला तरी त्यांना उतरायचं भान नव्हतं. मी हाक मारली तेव्हा उठल्या.

१६ ऑक्टोबर

घरातली सगळी पांढरी पूड आज काचेच्या बरण्यांत भरली. प्रत्येकीवर चिठ्ठी. अक्कांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर चित्र. ग्लुकोजच्या बरणीवर उजूचा फोटोच चिकटवला. ती त्या बरणीशी बोलत बसली होती.

२२ ऑक्टोबर

अक्का दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. मेथी निवडायला घेतली नि निवडलीच नाही. म्हणाल्या, "लीलाधरच्या आंधी मले एक पोऱ्या व्हता. चुडामण. दीड वर्साचा झाला नि गेला. गोड दिलं का ओके, गार पडे. मी दाबून दाबून गुय चारे त्याले. सासू म्हने, तुह्या हातातच जहर हाय."

लीलाधर म्हणजे हे. ह्यांनाही ठाऊक नाही. छत्तीस वर्षांत कोणालाच सांगितलं नाही.

मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हने ते खरं ना? हाताचं काही नसतं?"

"खरं आहे, अक्का. काही नसतं."

त्या तिथेच सुपाशेजारी आडव्या झाल्या. हात उशाला घेतला नि झोपल्या. दिवसा झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. चार वाजून गेलेत. उठवलं नाही.